नेर्न्स्टचा दिवा आणि त्याची पुढील हकीकत



आपल्या घरांतील लोणच्याची बरणी, चहाची कपबशी आणि रस्त्यावरील खांबाच्या ज्या पांढऱ्या वाट्यांवर विजेची तार टेकलेली असते त्या वाट्या, या तिहींचें कूळ एकच. तिन्ही मातीच्या आणि तिन्ही भट्टींत भाजलेल्या. लोणचें बरणींत भरतात, कारण मीठ आणि आंबटपणा यांचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. खांबावर त्या वाट्या बसवितात, कारण त्यांच्यांतून वीज जात नाहीं. भाजलेल्या मातीचा सारा लौकिक हा असा नकारावर उभा आहे. ती गंजत नाहीं, जळत नाहीं, विजेला वाट देत नाहीं. तिनें कांहीं करावें अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाहीं. स्वस्थ बसावें, एवढेंच तिचें काम.

आज मी ज्या पदार्थाची हकीकत सांगणार आहें तो याच कुळांतला. परंतु तो लालबुंद तापला म्हणजे त्याच्यांतून वीज वाहूं लागते. ज्यानें हें प्रथम नीट ओळखलें त्याला त्याचा दिवा करावयाचा होता. दिवा झाला, विकला गेला, आणि थोडक्याच वर्षांत मागें पडला. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि तोच पदार्थ इंधनापासून धुराशिवाय वीज काढण्याच्या व उलट विजेपासून इंधन करण्याच्या उद्योगाचा आधार होऊन बसला आहे. मधल्या काळांत काय घडलें, आणि इतका विलंब कां लागला, हें सांगण्याचा माझा हेतु आहे.

इ. स. १८९७. जर्मनींतील गॉटिंगेन विद्यापीठांत वाल्टर नेर्न्स्ट हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्या काळीं विजेचा दिवा म्हणजे एडिसनच्या धर्तीचा, निर्वात कांचेच्या फुग्यांत कोळशाची तार असलेला. त्याचा प्रकाश तांबूस आणि विजेचा खर्च फार. उलट ऑस्ट्रियांतील आउअर फॉन वेल्सबाख यांच्या मेंटलमुळें गॅसचा दिवा मात्र लखलखूं लागला होता. जुन्या वरातींत माणसें डोक्यावर घेऊन चालत ती गॅसबत्ती आपल्यांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. तिचें मेंटल एकदां पेटलें कीं सूत जळून जातें आणि मागें उरते ती केवळ राखेची जाळी. ही राख म्हणजे थोरियमचें ऑक्साइड, त्यांत शेंकडा एक या मानानें सेरियमचें. हें थोरियम ज्या मोनाझाइट वाळूंतून काढीत ती वाळू आपल्या देशांत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं सांपडली, हें जातां जातां सांगून ठेवतों. त्या किनाऱ्याकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

नेर्न्स्ट यांचा विचार असा कीं, अशीं ऑक्साइडें ज्योतीनें इतकीं प्रखर उजळतात, तर तीं विजेनें कां उजळूं नयेत? अडचण उघड होती. थंड असतांना तीं वीज वाहूंच देत नाहींत. परंतु झिर्कोनियम धातूचें ऑक्साइड, ज्याला झिर्कोनिया म्हणतात, त्यांत सुमारें पंधरा टक्के इट्रिया मिसळून त्यांनीं एक बारीक कांडी केली आणि ती बाहेरून तापविली, तेव्हां तिच्यांतून प्रवाह सुरू झाला; आणि एकदां सुरू झाल्यावर त्याच प्रवाहाच्या उष्णतेनें ती शुभ्र तेजानें तळपत राहिली. निर्वात फुग्याचीही गरज उरली नाहीं, कारण ऑक्साइड म्हणजे आधींच जळून चुकलेली वस्तु. ती हवेंत आणखी काय जळणार?

या दिव्याचे लाड मात्र पुष्कळ होते. आरंभीं तो आगकाडीनें किंवा स्पिरिटच्या ज्योतीनें तापवून पेटवावा लागे. आगकाडी ओढून विजेचा दिवा लावावयाचा, हा प्रकार त्या काळींही हास्यास्पद वाटला असला पाहिजे. पुढें त्याच्या शेजारीं प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें बसवून ती सोय झाली, तरी दिवा लागण्यास कांहीं वेळ थांबावें लागेच. शिवाय कांडी जसजशी तापे तसतशी अधिकाधिक प्रवाह ओढी, आणि तिला आवर घालण्यासाठीं लोखंडाच्या तारेचा निराळा लगाम जोडावा लागे. तरीही बर्लिनच्या ए.ई.जी. कंपनीनें या शोधाचे हक्क विकत घेतले. त्यांचे दहा लक्ष मार्क दिले अशी ख्याति आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्या कंपनीचा मंडप या दिव्यांनीं उजळला. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं हे हक्क घेऊन पिट्सबर्ग येथें कारखाना काढला. हेंही नांव लक्षांत ठेवावें. पुढें टंगस्टनच्या तारेचे दिवे आले. ते कळ दाबतांच लागत, त्यामुळें नेर्न्स्टचा दिवा घरांतून व दुकानांतून नाहींसा झाला, आणि प्रयोगशाळेंत अवरक्त किरणांचें साधन म्हणून तेवढा उरला. नेर्न्स्ट यांना १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें उष्णता-रसायनांतील कार्याबद्दल. दिव्याचा त्यांत संबंध नव्हता.

पण दिवा करतां करतां त्यांनीं एक गोष्ट लिहून ठेविली होती. तारेंतून वीज जाते ती धातूच्या रीतीनें. या कांडींतून जाते ती मिठाच्या पाण्यांतून जावी तशी. म्हणजे पदार्थाचे भारित कण स्वतःच सरकतात, आणि त्यांत प्राणवायूचे कण प्रमुख असतात. घट्ट, ठिसूळ, दगडासारख्या वस्तूच्या आंतून प्राणवायूनें चालत जावें, ही कल्पना कोणालाही चमत्कारिक वाटेल. फॅरडे यांनीं १८३० नंतरच्या दशकांत कांहीं घन पदार्थ तापल्यावर वीज वाहूं देतात हें पाहिलें होतें. तरी प्राणवायु नेणारी ही माती नवीनच होती.

आतां थोडें मागें जाऊं. नेर्न्स्ट तरुणपणीं लाइप्झिग येथें ज्यांचे सहाय्यक होते ते विल्हेल्म ओस्टवाल्ड. यांनीं १८९४ सालीं एक मोठें विधान केलें होतें. कोळसा जाळावा, त्यानें पाणी उकळावें, वाफेनें यंत्र फिरवावें आणि यंत्रानें वीज काढावी, या फेऱ्यांत कोळशाच्या शक्तीचा दहावा हिस्साच काय तो त्या काळीं हातीं लागे. बाकीची धुराड्यांतून आणि गरम पाण्यांतून वायां जाई. हा केवळ कारागिरांचा दोष नव्हे. उष्णतेपासून काम करून घेणाऱ्या यंत्रमात्रावर निसर्गाचाच एक दंडक आहे. ओस्टवाल्ड यांचें म्हणणें असें कीं, मधली ज्योतच काढून टाका. इंधन आणि प्राणवायु यांचा संयोग एखाद्या विद्युत्-घटांत घडवा, म्हणजे सरळ वीज मिळेल, धूर नाहीं, गडगडाट नाहीं. अशा घटाचा नमुना इंग्लंडांत विल्यम ग्रोव्ह यांनीं हायड्रोजन आणि प्राणवायु घेऊन १८३९ सालींच दाखविला होता. त्याला आज इंधन-घट म्हणतात.

बोलणें सोपें होतें. असल्या घटाच्या दोन बाजूंस इंधन आणि हवा असतात, व मधें असा पदार्थ लागतो, जो वायूंना एकमेकांत मिसळूं देणार नाहीं पण भारित कणांना जाऊं देईल. ग्रोव्ह यांच्या घटांत हा पदार्थ आम्ल होता. परंतु कोळसा व त्यापासून निघणारे वायु नीट काम करण्यास मोठी उष्णता लागते, आणि त्या उष्णतेंत आम्ल उकळून जातें. वितळलेले क्षार घेतले तर ते भांडें खातात आणि पाझरतात. झ्यूरिच येथील एमिल बाउर यांनीं १९१२ पासून अशा वितळलेल्या पदार्थांशीं झुंज घेतली. अखेर त्यांनीं द्रवाचा नाद सोडला, आणि १९३७ सालीं हान्स प्राइस यांच्यासह एका निराळ्याच घटाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील मधला पदार्थ होता नेर्न्स्टच्या विझलेल्या दिव्याची माती, इट्रिया मिसळलेला झिर्कोनिया. सुमारें हजार अंश उष्णतेंत तो घट चालला. पूर्णपणें घन पदार्थांचा असा हा पहिला इंधन-घट.

चालला, पण इतका क्षीण प्रवाह देई कीं त्यावर कारखाना चालण्याची आशा दिसेना. मातीचा थर जाड, तिचा रोध मोठा. रशियांत दाव्त्यान यांनीं मोनाझाइट वाळूंत आणखी द्रव्यें मिसळून हा रोध कमी करण्याचा यत्न केला, तों त्यांचे तुकडे तडकूं लागले. बाउर १९४४ सालीं वारले. वितळलेल्या क्षारांपासून तापलेल्या मातीपर्यंतची बत्तीस वर्षांची वाट त्यांनीं चालली होती, आणि चालणारा मोठा घट त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. तत्त्व बरोबर आणि माती हटवादी, अशा कात्रींत सांपडलेला हा मनुष्य मला या साऱ्या हकीकतींतील सर्वांत मोठा वाटतो.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षीं कार्ल वागनर यांनीं नेर्न्स्टच्या कांडीचें गूढ उकललें होतें. झिर्कोनियमचा एक अणु प्राणवायूचे दोन अणु बाळगतो. इट्रियमला तेवढे लागत नाहींत. म्हणून झिर्कोनियमच्या दोन जागीं इट्रियमचे दोन अणु बसविले कीं प्राणवायूची एक जागा रिकामी राहते. पंगतींत एक पाट रिकामा राहिला असें समजा. शेजारचा त्यावर सरकला कीं त्याचा पाट रिकामा होतो, त्यावर पलीकडचा सरकतो, आणि पाहतां पाहतां पंगतीच्या एका टोंकाचा मनुष्य न उठतां, न चालतां, सारी पंगत पुढें सरकते. सगळे पाट भरलेले असते तर कोणालाच हलतां आलें नसतें. या पदार्थांत वीज वाहते ती अशा उणीवांच्या जोरावर. मात्र पंगत सरकण्यास अंगांत ऊब हवी, आणि म्हणूनच थंड कांडी मुकी असते.

इट्रिया आणखीही एक काम करीत होती. शुद्ध झिर्कोनिया अकराशें सत्तर अंशांच्या आसपास आपली अंतर्गत रचना पालटतो, आणि थंड होतांना पुन्हां पहिल्या रूपास येतांना एकाएकीं चारपांच टक्के फुगतो. त्या फुगण्यानें भाजलेली वस्तु आपली आपणच तडकते. चुना, मॅग्नेशिया यांसारखीं द्रव्यें मिसळल्यास हा उपद्रव थांबतो, हें रुफ आणि एबर्ट यांनीं १९२९ सालीं दाखविलें. इट्रियाचाही गुण तोच. नेर्न्स्ट यांनीं प्रकाशासाठीं केलेल्या मिश्रणानें या दोन्ही गोष्टी साधल्या होत्या, त्यांची कारणें पुढच्या पिढ्यांनीं शोधलीं.

येथून पुढें या हकीकतींत मातीच्या शास्त्रज्ञांचा शिरकाव होतो. १९६२ सालीं अमेरिकेंत वाइसबार्ट आणि रूका यांनीं चुना मिसळलेल्या झिर्कोनियाचा चांगला चालणारा घट प्रसिद्ध केला. ते ज्या कंपनींत काम करीत ती वेस्टिंगहाउस, पिट्सबर्गचीच. दिव्याचे हक्क घेणाऱ्या संस्थापकाच्या कंपनींत साठ वर्षांनीं तीच माती पुन्हां आली.

आतां अडचण पाहा. झिर्कोनिया एकटा कांहीं करीत नाहीं. त्याच्या एका अंगास इंधनाचा थर आणि दुसऱ्या अंगास हवेचा थर भाजून चिकटवावा लागतो. इंधनाच्या बाजूस निकेल उत्तम. परंतु एक मीटर लांबीची झिर्कोनियाची पट्टी आठशें अंश तापविली तर सुमारें आठ-साडेआठ मिलिमीटर वाढते, आणि तेवढीच निकेलची बारा ते तेरा. दोन पदार्थ एकत्र भाजून थंड केले म्हणजे एकाचें आकसणें दुसऱ्यास सोसत नाहीं, आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. चिनी मातीच्या कपावरील झिलईला केसासारख्या भेगा पडतात त्या याच कारणानें. हेन्री स्पेसिल यांनीं १९६४ च्या सुमारास यावर उपाय काढला. निकेलचे कण आणि झिर्कोनियाचे कण मिसळून एकच सच्छिद्र थर करावयाचा. निकेलनें वीज वाहावी, झिर्कोनियानें निकेलला धरून ठेवावें, आणि छिद्रांतून वायूनें यावें-जावें. आजही तीच रीत बहुतेक ठिकाणीं चालते.

मग प्रश्न सांध्यांचा. हजार अंशांत इंधन आणि हवा वेगळीं ठेवणारा सांधा कशानें बुजवावा? रबर जळेल, धातु गंजेल, कांच वितळेल किंवा तडकेल. वेस्टिंगहाउसच्या मंडळींनीं युक्ति अशी केली कीं, घट चपटा न करतां एका टोंकास बंद असलेल्या नळीचा करावयाचा, म्हणजे तापलेल्या भागांत सांधाच नको. अशा दीड मीटर लांबीच्या ११५२ नळ्यांचें एक यंत्र १९९७ च्या अखेरीस नेदरलंडमधील वेस्टरफोर्ट येथें सुरू झालें. तें नैसर्गिक वायूवर चाले, शंभर किलोवॅटहून अधिक वीज देई, उरलेल्या उष्णतेनें वस्तींतील घरांना गरम पाणी पुरवी, आणि इंधनाच्या शक्तीपैकीं शेंकडा ४६ भाग विजेच्या रूपानें परत करी. सोळा हजारांहून अधिक तास तें तेथें चाललें. ओस्टवाल्ड यांचें शतकापूर्वींचें म्हणणें खोटें नव्हतें, हें यानें सिद्ध झालें. सिद्ध झालें, पण परवडलें नाहीं. थरावर थर वाफेंतून चढविण्याची ती रीत फार महाग होती; पुढें हें काम सीमेन्स कंपनीकडे गेलें, आणि २०१० च्या सुमारास तिनेंही तें सोडून दिलें.

दुसऱ्या संशोधकांनीं पुन्हां चपटा घट हातीं घेतला. बाउर यांचा शत्रु जो रोध, तो थर पातळ केला कीं कमी होतो. आतां झिर्कोनियाचा थर दहा मायक्रॉन इतका, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक करतां येतो. त्यामुळें हजार अंशांऐवजीं सातशें-आठशें अंश पुरतात, आणि घट एकमेकांस जोडण्यास साधें पोलाद चालतें. चालतें खरें, पण त्या उष्णतेंत पोलादांतील क्रोमियम वाफेच्या रूपानें निघून हवेच्या थरावर बसतें आणि त्याचें तोंड बंद करतें. म्हणून पोलादाला पुन्हां ऑक्साइडचा मुलामा द्यावा लागतो. एक भोंक बुजवावें तों दुसरें पडावें, असें हें काम आहे. या शास्त्रज्ञांचा दिवस समीकरणांपेक्षां भुकटी दळण्यांत, चाळण्यांत, पातळ पट्ट्या ओढण्यांत, भाजण्यांत आणि भेग कोठून सुरू झाली हें सूक्ष्मदर्शकाखालीं शोधण्यांत अधिक जातो. चाळीस हजार तास टिकला तर घट बरा म्हणावयाचा, आणि चाळीस हजार तास म्हणजे साडेचार वर्षें. एखाद्या विद्यार्थ्याच्या सबंध संशोधनाचा काळ एका घटाच्या परीक्षेसही पुरत नाहीं.

या मातीचा एक विलक्षण प्रवास सांगावयाचा राहिला. घटाला इंधन न देतां उलट वीज दिली, तर तो प्राणवायु एका बाजूनें ओढून दुसऱ्या बाजूस सोडतो. मंगळावरील हवेंत बहुतेक कार्बन डायॉक्साइडच आहे. तिच्यांतून प्रवाशांसाठीं प्राणवायु काढावा या हेतूनें अमेरिकेंत ॲरिझोना विद्यापीठांत के. आर. श्रीधर हे काम करीत होते. त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण आपल्या तिरुचिरापल्लीस झालेलें. मंगळाची ती योजना मागें पडली, तेव्हां त्यांनीं २००१ सालीं तेंच यंत्र उलटें फिरवून पृथ्वीवर वीज करण्याची कंपनी काढली. ती आज ब्लूम एनर्जी या नांवानें प्रसिद्ध आहे. मंगळाची गोष्टही पुढें खरी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें उतरलेल्या पर्सिव्हिरन्स गाडींत मॉक्सी नांवाचें लहान यंत्र होतें. त्यानें आठशें अंशांवर तापलेल्या झिर्कोनियांतून २०२३ पर्यंत सोळा वेळां मिळून १२२ ग्रॅम प्राणवायु काढला. एका माणसाला कांहीं तास पुरेल एवढाच. परंतु परक्या ग्रहावरील हवेपासून मनुष्यानें केलेला तो पहिला श्वास.

पृथ्वीवरही आतां या उलट्या चालीकडेच अधिक लक्ष लागलें आहे, आणि तें योग्य आहे असें मला वाटतें. नैसर्गिक वायूवर चालणारा घट कितीही काटकसरी असला तरी कार्बन डायॉक्साइड सोडतोच. पण सूर्य आणि वारा यांची वीज जेव्हां गरजेहून अधिक होते, तेव्हां तिनें वाफेचें विघटन करून हायड्रोजन सांठवितां येतो. थंड पाणी फोडण्यापेक्षां आठशें अंशांवरील वाफ फोडण्यास वीज कमी लागते. कामाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग विजेनें करावयाचा, बाकीचा उष्णतेनें होतो. जर्मनींत डॉर्निअर कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत हें करून पाहिलें होतें. जेथें पोलादाच्या किंवा खताच्या कारखान्याची उष्णता फुकट जाते, तेथें हा घट शोभेल. पण या उलट्या चालींत प्राणवायूच्या बाजूचा थर आंतील दाबानें सुटूं लागतो, आणि निकेलचे कण हळूहळू आपली जागा सोडतात. म्हणजे पुन्हां मातीचाच प्रश्न.

आपल्या देशांत कलकत्त्याच्या जादवपूर भागांतील केंद्रीय कांच व सिरॅमिक संशोधन संस्थेनें, जी १९५० सालीं सुरू झाली, या घटांवर पुष्कळ काम केलें आहे. आणि मघांशीं ज्या किनाऱ्याचें नांव घेतलें, त्या जुन्या त्रावणकोरच्या काळ्या वाळूंत मोनाझाइटच्या बरोबरीनें झिर्कॉनही आहे, ज्यापासून झिर्कोनिया निघतो. केरळांत चवरा येथें तो वाळूंतून वेगळा काढतात.

तेथून निघालेली अशी भुकटी एखाद्या प्रयोगशाळेंत चौदाशें अंशांच्या भट्टींत भाजली जाते, आणि मिनिटाला एकदोन अंश या गतीनें निवत ठेवतात. त्यास रात्र पुरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं भट्टी उघडून ती नखाएवढ्या जाडीची चकती उजेडासमोर धरून पाहतात. केसाएवढी भेग दिसली, तर भुकटी पुन्हां दळण्यास घेतात.